शहरे तोलायची ती कोणत्या आकड्यावर?

मुंबई महापालिकेचे २०१६-१७चे अंदाजपत्रक ३७,०५२ कोटी रुपयांचे होते. पुढच्या वर्षी, २०१७-१८साठी, आयुक्त अजोय मेहता यांनी मांडलेले अंदाजपत्रक २५,१४१ कोटींवर आले. एका वर्षात जवळपास बारा हजार कोटींची, म्हणजे सुमारे एक तृतीयांशाची घट. त्या वर्षी मुंबईत ना दवाखाने बंद पडले, ना रस्त्यांची कामे थांबली. पालिकेच्या ठेवींनाही धक्का लागला नाही. जकात जायची होती, पण तिच्या भरपाईची तजवीज होत होती. मग बारा हजार कोटी गेले कुठे? खरे तर ते आलेच नव्हते. आधीच्या अंदाजपत्रकांत भांडवली कामांसाठी अशा तरतुदी होत्या, ज्या त्या वर्षात खर्च होणार नाहीत हे मांडणाऱ्यालाही ठाऊक असे. कामाला परवानगी नाही, जमीन ताब्यात नाही, टेंडर निघालेले नाही, पण रक्कम मात्र पुस्तकात छापलेली. मार्चअखेर ती शिल्लक राहायची आणि नव्या पुस्तकात नव्या दिमाखाने उतरायची. मेहतांनी खर्च होऊ शकेल तेवढीच रक्कम दाखवायचे ठरवले आणि अंदाजपत्रकाची सूज उतरली. शहराचे धोरण मात्र होते तेच राहिले. ‘आशियातील सर्वांत श्रीमंत महापालिकेचे विक्रमी अंदाजपत्रक’ या दर फेब्रुवारीत छापल्या जाणाऱ्या मथळ्याची किंमत काय, हे त्या एका वर्षाने दाखवून दिले. पण मथळे बदलले नाहीत. २०२५-२६चा आकडा ७४,४२७ कोटींचा होता, आणि तो त्याच उत्साहाने छापला गेला.

सरकारी जमाखर्चाच्या आकड्यांवरून स्थानिक धोरणांची तुलना करता येते, आणि ती करायला हवी, असे माझे मत आहे. पण ही तुलना एकूण रकमांची होऊ शकत नाही. तिचा विषय निर्णय हाच असला पाहिजे. म्हणजे जमाखर्चाच्या शेकडो ओळींतून अशा ओळी वेचायच्या, जिथे त्या शहराला किंवा गावाला पर्याय होता, आणि त्याने एक पर्याय निवडला व दुसरा सोडला. बाकीच्या ओळी कायद्याने, सूत्राने किंवा जुन्या करारांनी आधीच लिहून ठेवलेल्या असतात. महाराष्ट्र हे अशा तुलनेसाठी फार सोयीचे राज्य आहे. मुंबईला १८८८चा स्वतंत्र कायदा आहे, पण पुणे, नागपूर, ठाणे, नाशिक, कोल्हापूर, मालेगाव ही सारी शहरे १९४९च्या एकाच महानगरपालिका अधिनियमाखाली चालतात. कायदा एक आणि राज्य सरकार एकच असताना दोन शहरे वेगळी वागली, तर त्या फरकात स्थानिक धोरण सापडण्याची शक्यता बरीच असते. हा शोध घ्यायचा तर पुस्तकाचा कोणता रकाना वाचायचा हे आधी ठरवावे लागते. २०२५-२६च्या अंदाजपत्रकात एकाच लेखाशीर्षापुढे सहसा चार आकडे असतात: २०२३-२४ची प्रत्यक्ष रक्कम, २०२४-२५चा मूळ अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. बातमी शेवटच्या रकान्याची होते. शहराने काय केले ते मात्र पहिल्या रकान्यात असते, आणि तो दोन वर्षे जुना म्हणून कोणी उघडत नाही.

सूत्राची ओळ आणि निर्णयाची ओळ यांतला फरक मुंबईच्याच आकड्यांत स्पष्ट दिसतो. १ जुलै २०१७ला वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात गेली. इतर शहरांची जकात त्याआधीच स्थानिक संस्था कराच्या वाटेने गेली होती. राज्याने भरपाईचा कायदा केला. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरायचे आणि दरवर्षी आठ टक्के चक्रवाढीने रक्कम द्यायची. मुंबईला पहिला मासिक हप्ता सुमारे ६४७ कोटींचा मिळाला, म्हणजे वर्षाला ७,७६८ कोटींच्या हिशेबाने. या रकमेवर आठ वर्षे आठ टक्के चक्रवाढ लावली की सुमारे १४,४०० कोटी येतात. २०२५-२६च्या अंदाजपत्रकात या भरपाईपोटी दाखवलेली रक्कम जवळपास तेवढीच आहे. अपेक्षित महसुली उत्पन्नाचा हा तिसरा हिस्सा, आणि त्यात महापालिकेच्या धोरणाचा एक रुपयाही नाही. शहर चांगले चालो वा वाईट, ही ओळ वाढतच राहणार. त्याच पुस्तकात मालमत्ता कराचा अंदाज सुमारे ५,२०० कोटींचा आहे. ही मात्र निर्णयाची ओळ. कोणाला किती आकारायचा, थकबाकी कोणाकडून वसूल करायची, कोणाला सोडायचे हे सगळे त्यात आहे. दोन शहरांचे ‘उत्पन्न वाढले’ असे सांगणारा तक्ता या दोन ओळी एकत्र मिळवत असेल, तर तो कारभाराविषयी काहीच सांगत नाही.

परराज्यांतल्या शहरांशी तुलना करताना हीच गफलत आणखी मोठी होते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२२मध्ये २०१ आणि नोव्हेंबर २०२४मध्ये २३२ महापालिकांच्या वित्तव्यवस्थेचे अहवाल प्रसिद्ध केले. इतक्या महापालिकांचे आकडे एका साच्यात बसवण्याचे ते काम मोलाचे आहे. देशातल्या साऱ्या महापालिकांचे महसुली उत्पन्न मिळून सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या एक टक्क्यालाही पोहोचत नाही, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. पण त्या तक्त्यांत महाराष्ट्रातली शहरे उठून दिसतात, त्यामागे जकातीच्या भरपाईचा मोठा हात आहे. ज्या राज्यांत जकात फार पूर्वी संपली, तिथल्या शहरांच्या ताटात हे वाढपच नाही. शिल्लक किंवा वाढ दिसली की तिचे कारण विचारायचे, ही शिस्त आपल्याकडे नवी नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात केलेल्या पहिल्या अर्थसंकल्पीय भाषणात सरकारच्या सलग शिलकी अंदाजपत्रकांचीच चिरफाड केली होती. शिल्लक सुबत्तेतून आलेली नसून रुपयाचा कृत्रिमरीत्या चढवलेला भाव आणि कराचे चढे दर यांतून आली आहे, असा त्यांचा मुद्दा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५चा. महसूल ज्याच्या नावावर जमा होतो तो एक आणि खर्च करणारा दुसरा, अशी फारकत झाली की उधळपट्टीला जबाबदार कोणीच उरत नाही, हे त्यांनी प्रांतांच्या जमाखर्चातून दाखवले. आठ टक्क्यांच्या भरपाईवर चालणाऱ्या आजच्या महापालिका पाहिल्या की ती मांडणी फार दूरची वाटत नाही.

आता निर्णयाच्या ओळींकडे वळू. पहिली अडचण अशी की काही महत्त्वाचे निर्णय जमाखर्चात उमटतच नाहीत, कारण ते न घेतलेल्या पैशाचे असतात. जानेवारी २०२२मध्ये मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर पूर्ण माफ झाला. त्या वेळी सांगितलेला आकडा असा: सुमारे १६ लाख १४ हजार घरे आणि वर्षाला सुमारे ४६२ कोटींचे उत्पन्न कमी. भागाकार केला तर घरामागे सरासरी २,८६० रुपये. पण या सरासरीच्या पोटात दडलेली विषमता पाहावी लागते. मुंबईत २०१०पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आकारला जातो, म्हणजे जागेच्या बाजारभावाशी तो जोडलेला आहे. साहजिकच दादरच्या नव्या टॉवरमधल्या ४८० चौरस फुटांच्या सदनिकेला मिळालेली माफी मानखुर्दच्या तेवढ्याच जुन्या खोलीला मिळालेल्या माफीपेक्षा कितीतरी मोठी आहे. आणि २०११च्या जनगणनेनुसार मुंबईची सुमारे ४२ टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत राहत होती. बहुतेक निवासी झोपड्या मालमत्ता कराच्या जाळ्यात नव्हत्याच, त्यामुळे त्यांच्या पदरात या माफीने काही पडले नाही. माफी ‘सर्वसामान्य मुंबईकरा’साठी होती असे म्हटले गेले. प्रत्यक्षात ती छोट्या पण नोंदणीकृत घराच्या मालकासाठी होती. तो गरजू नसेलच असे नाही, पण सर्वसामान्य या शब्दात तो जेवढा सामावतो तेवढेच इतरही सामावतात.

पुण्याची सवलत वेगळ्या घडणीची आहे. तिथे १९७०च्या ठरावाने मालक स्वतः राहत असलेल्या घराच्या करपात्र मूल्यात ४० टक्के सूट मिळत आली. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, २०१९मध्ये राज्य सरकारने तो ठराव विखंडित केला, पुणेकरांना फरकाची बिले गेली, गदारोळ झाला, आणि २०२३मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही सवलत पुन्हा लागू केली. ज्यांची सूट निघाली होती, त्यांना ‘पीटी-३’ अर्ज भरून घर स्वतःच्या वापरात असल्याचे दाखवावे लागले. या सवलतीला क्षेत्रफळाची मर्यादा नाही. दोन खोल्यांच्या घराला ४० टक्के आणि बंगल्यालाही ४० टक्के, त्यामुळे रुपयांत मोजली तर बंगल्याची सूट मोठी. भाडेकरूच्या घराला ती नाहीच, आणि घरमालक करातला फरक भाड्यात घालत असेल तर शहरात नव्याने आलेला, भाड्याने राहणारा नोकरदार या सवलतीचा भार उचलतो. मुंबईने घराच्या आकाराकडे पाहिले, पुण्याने मालकाच्या वास्तव्याकडे. दोन्हींचे नाव दिलासा, पण दिलासा कोणाला हे दोन्हीकडे निराळे. यातले काहीही अंदाजपत्रकात दिसत नाही. केंद्र सरकार २००६पासून अर्थसंकल्पासोबत कर-सवलतींमुळे बुडालेल्या महसुलाचे विवरण देते. असे विवरण महापालिकांच्या पुस्तकांचा नेहमीचा भाग नाही. ‘कर किती जमा झाला’ एवढ्यावरच दोन शहरांची तुलना केली, तर ढिसाळ वसुलीमुळे कमी आलेला कर आणि ठरवून सोडलेला कर एकाच तागडीत पडतात. ढिसाळपणा किती असू शकतो याचा अंदाज २०१६-१७च्या आर्थिक पाहणीने उपग्रहचित्रांच्या आधारे बांधला होता: बेंगळूरु आणि जयपूर आपल्या क्षमतेच्या पाच ते वीस टक्केच मालमत्ता कर जमा करत होते.

न घेतलेल्या पैशाप्रमाणे तिजोरीला वळसा घालून जाणारा पैसाही असतो. पुण्यात दारोदारी कचरा गोळा करण्याचे मोठे काम ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था करते. २००८मध्ये महापालिकेशी तिचा करार झाला. घराघरातून दर महिन्याला दिले जाणारे शुल्क थेट कचरावेचकाच्या हाती जाते, महापालिकेच्या जमेत येत नाही आणि म्हणून खर्चातही दिसत नाही. इतर अनेक शहरांत घंटागाड्यांचा ठेका असतो आणि ठेकेदाराचे बिल महापालिका भागवते. आता या शहरांचा ‘घनकचरा व्यवस्थापनावरील दरडोई खर्च’ शेजारी ठेवला, तर पुणे स्वस्त दिसेल. काही अंशी ते स्वस्त असेलही. पण काही अंशी तो खर्च नागरिकाच्या खिशातून परस्पर झालेला आहे, आणि तो घराघराला जवळपास सारखाच बसतो, तर ठेक्याचा खर्च करातून येत असल्याने मोठ्या मालमत्तेवर जास्त पडतो. तुलना करणाऱ्याने हे बाहेरचे पैसे आधी आत आणले पाहिजेत. मग खरा प्रश्न विचारता येतो: शहराला साफ ठेवणाऱ्या माणसाला त्या पैशातले किती मिळाले? आस्थापना खर्चाचीही तीच कथा. नोकरभरतीसाठी राज्य सरकार आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट घालते. मग पदे रिकामी ठेवायची, तेच झाडलोटीचे काम कंत्राटी कामगारांकडून करून घ्यायचे आणि खर्च दुसऱ्या लेखाशीर्षात टाकायचा. कागदावर काटकसर दिसते, हातात झाडू तोच असतो, फक्त तो धरणाऱ्याचा पगार कमी असतो.

काम कोणाकडे आहे, हा मुद्दा यालाच लागून येतो. मुंबई महापालिका धरणे बांधते आणि सांभाळते, वैद्यकीय महाविद्यालये चालवते, केईएम, सायन, नायर ही रुग्णालये तिची, प्राथमिक शाळा तिच्या, बेस्टच्या तुटीला हातभारही तिचाच. बेंगळूरु आणि चेन्नईत पाणी व मलनिस्सारण स्वतंत्र मंडळांकडे आणि बस राज्याच्या महामंडळांकडे आहेत. त्यामुळे ‘मुंबई दरडोई बेंगळूरुच्या कितीतरी पट खर्च करते’ हे वाक्य अंकगणितात बरोबर आणि अर्थाने पोकळ आहे. अमेरिकेत हाच पेच होता, कारण तिथे शहर, कौंटी आणि शाळा-जिल्हा अशी वेगवेगळी सरकारे एकाच नागरिकाकडून कर घेतात. तिथल्या लिंकन इन्स्टिट्यूट ऑफ लँड पॉलिसीने दोनशेहून अधिक शहरांसाठी १९७७पासूनची एक आकडेवारी तयार केली आहे. त्या शहरातल्या रहिवाशासाठी खर्च करणाऱ्या सगळ्या स्थानिक सरकारांचा त्याच्या वाट्याचा खर्च एकत्र करायचा आणि मगच शहरे शेजारी ठेवायची, ही तिची रीत. आपल्याकडे ते अशक्य नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांची बससेवा २००७पासून एकाच पीएमपीएमएलकडे आहे आणि तिची तूट दोन्ही महापालिका ६० आणि ४० टक्के अशी वाटून घेतात. म्हणजे एका सेवेचा खर्च दोन शहरांत कसा विभागायचा, याचा मान्य झालेला नमुना डोळ्यांसमोर आहे.

भागिले कितीने, हाही प्रश्न आहेच. आपल्याकडे शेवटची जनगणना २०११ची. तिच्याप्रमाणे मुंबई १ कोटी २४ लाख, पुणे ३१ लाख २४ हजार, पिंपरी-चिंचवड १७ लाख २७ हजार. २०२५-२६ची अंदाजपत्रके या संख्यांनी भागली, तर मुंबईला दरडोई सुमारे ६० हजार आणि पुण्याला (१२,६१८ कोटींच्या हिशेबाने) ४० हजार मिळतात. पण पुण्यात २०१७ला ११ आणि २०२१ला २३ गावे आली. २०११च्या आकड्यात त्यांची माणसे नाहीत, २०२५च्या जमाखर्चात मात्र त्यांतली बहुतेक गावे आहेत. पिंपरी-चिंचवडचे तर एकाच वर्षाचे दोन आकडे छापून आले, केंद्राच्या योजना सोडून सुमारे ६,२५६ कोटी आणि त्या धरून सुमारे ९,६७५ कोटी. पहिला घेतला तर दरडोई ३६ हजार, म्हणजे पुण्याच्या मागे. दुसरा घेतला तर ५६ हजार, म्हणजे मुंबईच्या जवळ. एकच शहर सकाळच्या पेपरात गरीब आणि दुपारच्या चॅनलवर श्रीमंत होऊ शकते. याला उतारा आहे. माणशी भागण्याऐवजी त्या सेवेच्या मापाने भागावे: पाण्याचा खर्च नळजोडण्यांनी, शाळांचा पटावरच्या मुलांनी, रस्त्यांचा किलोमीटरनी. ही मापे महापालिकेकडे दरवर्षी ताजी असतात आणि त्यासाठी जनगणनेची वाट पाहावी लागत नाही.

या सगळ्यावर एक जोरदार आक्षेप येतो: पैसा म्हणजे परिणाम नव्हे. शाळेवर दुप्पट खर्च करणाऱ्या शहरात मुले दुप्पट शिकतात असे नाही, मग जमाखर्च चाळून धोरण कसे कळणार? आक्षेप खरा आहे, पण तो जमाखर्चाविरुद्ध नाही, जमाखर्चावर थांबण्याविरुद्ध आहे. दोन शहरांनी विद्यार्थ्यामागे सारखाच खर्च केला आणि निकाल वेगळे लागले, तर कारभारात काहीतरी फरक आहे हे कळायलासुद्धा खर्च सारखा होता हे आधी माहीत असावे लागते. शिवाय तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांतली दरी हा स्वतःच एक परिणाम आहे. एखाद्या शहराने पाच वर्षे सलग मलनिस्सारणाच्या तरतुदीतला मोठा भाग खर्चच केला नसेल आणि उड्डाणपुलांची तरतूद मात्र दरवर्षी संपवली असेल, तर नदी काळी का, याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते. सभागृहातली भाषणे नदीविषयी असतात, बिले उड्डाणपुलाची निघतात. पुण्यात प्रभागातल्या कामांची ‘स यादी’ आणि वर्षाच्या मध्यात एका कामाचा पैसा दुसरीकडे वळवणारी ‘वर्गीकरणे’ हे दोन कागद वाचले, तरी मूळ अंदाजपत्रक किती काळ टिकले ते समजते. आयुक्तांच्या अंदाजात स्थायी समितीने काही शे कोटींची भर घालायची आणि मार्चमध्ये तेवढीच तूट निघायची, हा तिथला जुना रिवाज आहे. कोणत्या शहराच्या शब्दावर किती विसंबायचे, हे अशा दरीवरूनच ठरते.

आकडेच विश्वासाचे नसतील तर? हा दुसरा आक्षेप. काही महापालिका अजूनही रोकड आली-गेली एवढीच लिहितात, काही द्विनोंदी पद्धतीने देणी-येणीही मांडतात. राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमावली २००४मध्ये आली, पण तिचा अंमल रखडत चालला. स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या अहवालांत ‘आक्षेपाधीन’ आणि ‘वसूलपात्र’ रकमांची पाने वर्षानुवर्षे जमा होतात. तरीही परिस्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे, आणि ती सुधारली कशी हे लक्षात घेण्याजोगे आहे. पंधराव्या वित्त आयोगाने शहरी संस्थांच्या अनुदानाला अट घातली: आदल्या वर्षाचे तात्पुरते आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन प्रसिद्ध केले तरच पैसे. शिवाय मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करणे आणि त्याची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या बरोबरीने वाढवणे हेही आले. वर्षानुवर्षे न जमणारे हिशेब मग केंद्रीय नगरविकास खात्याच्या ‘सिटी फायनान्स’ संकेतस्थळावर चढू लागले. म्हणजे आकडे वाईट म्हणून वापरायचे नाहीत असे म्हटले तर ते वाईटच राहतात. ते वापरात आले आणि त्यावर पैसे अडले, तेव्हा सुधारू लागले. मात्र याच अनुभवाची दुसरी बाजूही आहे. तुलनेची क्रमवारी झाली की शहरे क्रमवारीसाठी वागू लागतात. ‘स्वच्छ सर्वेक्षणा’च्या काळात रंगणाऱ्या भिंती आपण पाहतोच. म्हणून जमाखर्चावरून शहरांना पहिला-दुसरा नंबर देण्याच्या मी विरोधात आहे. मालेगावला नवी मुंबईच्या रांगेत उभे करून नापास ठरवण्यात काही अर्थ नाही. त्याच मालेगावची आठ वर्षे एकापुढे एक ठेवली, किंवा भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या, दाट वस्तीच्या शहराशेजारी ते ठेवले, तर काही कळेल.

शहरे सोडून खेड्यांकडे गेले तर ही पद्धत आणखी चोख चालते, कारण तिथे सारख्या परिस्थितीतल्या संस्था शेकड्यांनी आहेत. राज्यात जवळपास २८ हजार ग्रामपंचायती. प्रत्येकीकडे त्याच नमुन्यांच्या वह्या, कर आकारणीचा नमुना ८, मागणीचा नमुना ९. स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करण्याचे बंधन सगळ्यांना सारखे. कोणी ते पाळले, कोणी कागदोपत्री पाळले, हे ‘ई-ग्रामस्वराज’ या संकेतस्थळावरच्या नोंदींवरून बरेचसे तपासता येते. त्याहून रंजक आहे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींचा कायदा, जिथे लागू आहे त्या क्षेत्रातला अबंध निधी. २०१५पासून आदिवासी उपयोजनेचे पाच टक्के थेट अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना मिळतात. पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण, वनसंवर्धन असे ढोबळ चार कप्पे ठरलेले आहेत, पण त्यांच्या आत काय करायचे ते ग्रामसभेने ठरवायचे. एकच निधी, एकच नियम, पालघरपासून गडचिरोलीपर्यंत. मग कोणी समाजमंदिराला रंग दिला, कोणी तेंदूच्या लिलावाची स्वतःची व्यवस्था उभी केली. पर्याय असलेली ओळ याहून स्वच्छ कुठे मिळणार? इथे ग्रामसभा खरोखर भरली का की ग्रामसेवकाने इतिवृत्त लिहून सह्या घेतल्या, हे आकडे सांगणार नाहीत. ते गावातच जाऊन विचारावे लागेल. पण कोणत्या गावात जायचे, ते आकडे सांगतील.

अशी तुलना सोपी करणारी व्यवस्था दुसरीकडे आहे. केरळमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पासोबत ‘परिशिष्ट चार’ येते. त्यात प्रत्येक ग्रामपंचायत, गटपंचायत, जिल्हा पंचायत आणि शहर यांना त्या वर्षी किती रक्कम मिळणार हे नावानिशी छापलेले असते. १९९६च्या लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजनेचा ३५ ते ४० टक्के निधी स्थानिक संस्थांकडे देण्याचे ठरले, तेव्हाच्या शिस्तीचा हा वारसा. तिथल्या कोणत्याही पंचायत सदस्याला आपल्याला काय मिळायला हवे होते आणि शेजाऱ्याला काय मिळाले हे एका कागदावर दिसते. महाराष्ट्राला अशा तुलनेसाठी नवे सर्वेक्षण नको, नवी समितीही नको. महापालिकांच्या प्रत्यक्ष खर्चाचा रकाना, माफ केलेल्या कराचे विवरण आणि वर्गीकरणांची यादी अशा तीन गोष्टी नगरविकास विभागाने दरवर्षी एका साच्यात, संगणकाला वाचता येतील अशा स्वरूपात मांडल्या तरी पुष्कळ होईल. पीडीएफमध्ये तिरपी स्कॅन केलेली पाने टाकणे म्हणजे प्रसिद्ध करणे नव्हे. मार्च २०२२पासून मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांत नगरसेवक नव्हते. प्रशासकांनी अंदाजपत्रके स्वतःच मांडली आणि स्वतःच मंजूर केली. सभागृह नसताना किती वर्गीकरणे झाली आणि सभागृह असताना किती होत, हे शेजारी ठेवून पाहण्याची संधी त्या वर्षांनी देऊन ठेवली आहे. नगरसेवकांमुळेच पैसा वळतो, ही प्रशासनाची जुनी तक्रार. ती कितपत खरी होती, हे तपासायला लागणारे सगळे कागद लेखा विभागाच्या कपाटात आहेत.